पाठदुखीचं खरं कारण

जीवराम वायकोळे यांची पाठ सरळ होती, आणि ही गोष्ट धुळ्यातल्या त्यांच्या कचेरीत शिपायापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी खुर्चीच्या पाठीला पाठ टेकली नव्हती. खुर्चीला पाठ असते ती कोट अडकवण्यासाठी, असं त्यांचं मत होतं, आणि कोट ते वापरत नसत. अशी ही पाठ १९९२ सालच्या गुढीपाडव्याला जळगावात पन्नास माणसांच्या देखत वाकडी झाली आणि पुन्हा सरळ व्हायला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उलटून गेली. मधल्या काळात काय काय झालं ते लोक आपापल्या परीने सांगतात. झालं ते असं.

सुरुवात छायाच्या पत्राने झाली. छाया ही जीवरामांची एकुलती एक लेक, जळगावला दिलेली. जावई पंडितराव यांचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं आणि माणूस सज्जन होता, म्हणजे आईसमोर बोलत नसे. छायाने पुण्याला दोन महिने राहून मालिशचा कोर्स केला होता आणि आता त्यांच्या बंगल्याच्या खालच्या मजल्यावर ‘नवतेज हेल्थ सेंटर’ निघत होतं. त्यात वाफेची लाकडी पेटी होती, रेक्झिनचं लांबलचक टेबल होतं, पुरुषांसाठी सुरतेहून आणलेला किरीटभाई नावाचा मालिशवाला होता आणि दुपारी बायकांसाठी स्वतः छाया होती. तिने लिहिलं होतं, ‘नाना, फीत तुम्ही कापायची आणि पहिलं मालिशही तुमचंच. सासूबाईंच्या मनात त्यांच्या भावाला, चाळीसगावच्या मामांना, मान द्यायचा होता. या घरात मी पहिल्यांदाच हट्ट धरला आहे. तुम्ही नाही म्हणालात तर मला पुन्हा धरता येणार नाही.’

जीवराम नाही म्हणणार नव्हते. अडचण निराळी होती. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही, ही त्यांच्या घरची रीत होती, आणि लग्नाला नऊ वर्षं होऊनही छायाला मूल नव्हतं. ही रीत बाकीचे लोक आता सोईसोईने पाळत. खुद्द जीवरामांच्या पत्नी, कुंदाबाई, विहिणीकडे चहा पिऊन मोकळ्या होत. जीवराम मात्र धुळ्याहून पाण्याचा थर्मास भरून नेत, लेकीच्या ओट्यावर बसून तो उघडत आणि सगळ्यांच्या देखत दोन घोट पिऊन पुन्हा घट्ट बंद करत. इतकी कडक रीत पाळणारा माणूस आता खानदेशात उरला नाही याचं त्यांना वाईट वाटे, आणि थोडं बरंही वाटे.

आता प्रश्न असा पडला की मालिश हे अन्नपाण्यात मोडतं की नाही. हा प्रश्न त्यांनी शेजारच्या वना पाटलांपुढे ठेवला. वना पाटील मूळचे शिंदखेड्याचे, तलाठी म्हणून निवृत्त झालेले, आणि त्यामुळे कुठल्याही गोष्टीची हद्द कुठून कुठपर्यंत लागते हे सांगायला कायम तयार असत. त्यांनी एक अख्खी संध्याकाळ विचार करून सांगितलं की माणसाचा हात हा अन्नही नाही आणि पाणीही नाही, सबब मालिशला हरकत नाही. वाफेचं मात्र तसं नाही.

“वाफ म्हंजे पानीज शे ना, भाऊ,” ते म्हणाले. “तोंडमा नही गयं तरी आंगमा जास.”

वाफ बाद झाली. मग तेल निघालं. तेल अंगात जिरतं हे उघड आहे, मग जिरलेलं तेल खाल्ल्यात धरायचं की नाही, यावर आणखी दोन संध्याकाळी गेल्या. कुंदाबाई मधूनमधून बाहेर येऊन दोघांकडे पाहत आणि पुन्हा आत जात. शेवटी तोडगा निघाला की मालिश घ्यायचं, पण तेल आपल्या घरचं न्यायचं. कुंदाबाईंनी घाण्याचं करडईचं तेल सरबताच्या मोठ्या बाटलीत भरून दिलं आणि एका पाठीला इतकं कशाला लागतं म्हणून विचारलं. जीवराम म्हणाले, कमी पडलं आणि त्यांनी वरून आपलं घातलं, तर तीन संध्याकाळी फुकट जातील.

पाडव्याला समारंभ थाटात झाला. पुढच्या खुर्चीवर विहीणबाई धुरपदाबाई, त्यांच्या शेजारी चाळीसगावचे मामा, मागे गावातली मातबर मंडळी आणि फोटोग्राफर. जीवरामांनी फीत कापली, चार शब्द बोलले आणि टाळ्या ओसरायच्या आत त्यांच्या लक्षात आलं की आता या सगळ्यांसमोर बनियन काढायचं आहे. त्यांनी पडदा मागितला. पडदा अजून शिवून आला नव्हता. मग छायाने एक चादर धरली आणि दुसरं टोक पंडितरावांनी धरलं, आणि जावयाने धरलेल्या चादरीआड सासरा टेबलावर पालथा झाला.

किरीटभाईने बाटलीतलं तेल बोटावर घेऊन पाहिलं आणि फार अदबीने सांगितलं की हे तेल चांगलं आहे, पण निसरडं आहे, हात एका जागी ठरत नाही. जरा पुसून घेऊ आणि आपली पावडर लावू. जीवराम म्हणाले, पुसायचं नाही. पावडर लावायची नाही. बाटली अर्धी उरली आहे, ती संपवा. किरीटभाईने दुसऱ्यांदा सांगून पाहिलं, आणि जीवरामांनी दुसऱ्यांदा ऐकलं नाही. शेवटचा दाब तो कोपराने देत असे आणि त्याचं वजन नव्वद किलो होतं. कोपर ठरल्या जागी उतरलं, तिथे थांबलं नाही, पुढे गेलं. त्याच्या मागोमाग किरीटभाई गेला, आणि त्याच्याखाली जीवराम अर्धे उलटे फिरले. आतून एक बारीक आवाज झाला. तो त्या दोघांनीच ऐकला.

चादर खाली आली तेव्हा जीवराम उभे होते, पण डावीकडे कलून. मामांनी विचारलं, कसं वाटतंय. जीवरामांनी छायाकडे पाहिलं. ती दोन्ही हात एकमेकांत घट्ट धरून उभी होती. “हलकं वाटतंय,” ते म्हणाले, आणि पन्नास माणसांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशीचा फोटो अजून आहे. त्यात जीवराम विहीणबाईंच्या खांद्याकडे इतके झुकले आहेत की न जाणणाऱ्याला दोन्ही घरांत फार जिव्हाळा असावा असं वाटतं.

एस.टी.त बसताना त्यांनी मनाशी पक्कं केलं की ही गोष्ट कुणाला कळता कामा नये. बापच या सेंटरात मोडला असं झालं तर लेकीचा पहिला हट्ट तिथेच संपला. कुंदाबाईंना रात्रभर कण्हण्यातून सगळं समजलं. बाकीच्यांना त्यांनी ट्रंक उचलताना पाठ धरली असं सांगितलं. डॉक्टरांनी पाठीला पट्टा, खाली फळी आणि पंधरा दिवस विश्रांती दिली. जीवरामांनी रजेचा अर्ज पाठवला, तर तो परत आला. कचेरीत त्यांच्या जागी धनसिंग नावाचा कनिष्ठ लिपिक काम पाहत होता. कुणाच्याही अर्जात काय राहिलं आहे ते शोधून काढण्याची विद्या त्याला जीवरामांनीच शिकवली होती. अर्जावर शेरा होता, ‘ट्रंकेचं वजन व उचलण्याचं प्रयोजन नमूद नाही.’ जीवरामांनी वजन बावीस किलो आणि प्रयोजन ‘घरगुती’ असं लिहून पाठवलं. दुसरा शेरा आला की बावीस किलो वजनाने इतकी इजा संभवत नाही, खुलासा व्हावा. जीवरामांना राग आला आणि शिष्याचा अभिमानही वाटला. त्यांनी वजन पस्तीस केलं.

छायाची पत्रं येत होती. सेंटर बरं चाललं होतं, सासूबाई गावात सांगत होत्या की आमच्या सुनेने काढलंय, आणि लोक विचारत होते की तुमचे वडील पुन्हा कधी येणार. ‘या ना नाना, आठ दिवस राहा, किरीटभाई रोज मालिश करतील.’ हे वाचून जीवरामांच्या पाठीतून कळ गेली. वना पाटलांनी मात्र मान हलवली आणि मशीनच्या वाफेने आणि कोर्सच्या हाताने दुखणं जात नसतं हे समजावून सांगितलं. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे सेंटरात माणसाला नंबर असतो, टेबल असतं आणि घड्याळ असतं. घड्याळ वाजलं की मालिश संपलं, मग दुखणं निम्म्यावर का असेना. खरा माणूस आपल्या अंगणात बसतो, एकाच पाठीला पाच मिनिटं देतो किंवा दीड तास देतो, आणि पैसे घेत नाही, म्हणून त्याला खोटं बोलायचं कारण उरत नाही.

“असोदाले निंबा पैलवान शे,” ते म्हणाले. “त्याना हात लागना म्हंजे बठ्ठं दुखनं पळी जास.”

असोदा म्हणजे जळगावला लागून. तिथे जायचं तर लेकीच्या गावावरून जायचं, तिच्या घरी न जाता आणि तिच्या ओळखीच्या कुणाला न दिसता. मंगळवारी पहाटे जीवराम निघाले. ओळख लपावी म्हणून त्यांनी तोंडाला मफलर गुंडाळला होता. एप्रिल महिन्यात जळगावच्या स्टँडवर मफलर गुंडाळून एकीकडे कललेला माणूस उभा राहिला, तेव्हा ज्यांनी एरवी पाहिलं नसतं त्यांनीही वळून पाहिलं. एका बाईने त्यांना ताप आहे का विचारून बाकावर जागा करून दिली.

निंबा पैलवानाचं अंगण केळीच्या बागेला लागून होतं. सत्तरीचा, रुंद खांद्यांचा माणूस, कानांच्या पाळ्या कुस्तीत चुरगळलेल्या. मंगळवार-शनिवार तो शेतावर जात नसे. मधोमध सुंभाची खाट, भोवती सावली धरून बसलेली तीस-चाळीस माणसं, कुणाचा हात गळ्यात, कुणी काठीवर. बायकांसाठी पलीकडची बाजू होती, मध्ये तुराट्यांचा कूड, आणि तिथे निंबाची बायको झुंबरबाई बसे. दोघांची पद्धत एकच होती. आधी दुखऱ्या जागेवर नुसता हात ठेवायचा आणि विचारायचं, कसं लागलं.

“खरं सांगा,” निंबाने जीवरामांना पालथं घालून सांगितलं. “पिळा कुठून बसला ते कयल्याबिगर मले तो उलटा सोडता येत नाही.”

जीवरामांनी ट्रंक सांगितली. वजन पस्तीस किलो सांगितलं, कारण आता ते सरकारदप्तरी लागलं होतं. निंबाने कोणत्या हाताने उचलली ते विचारलं, मान डोलावली आणि त्या हिशेबाने पाठ फिरवली. जीवराम उठले तेव्हा डावीकडे कललेले होतेच, शिवाय पुढे वाकले होते. धुळ्याच्या स्टँडवर उतरल्यावर समोरून येणाऱ्या ओळखीच्या माणसाने त्यांचा नमस्कार समजून उलट नमस्कार केला.

पुढच्या मंगळवारी त्यांनी ट्रंक सोडून दिली आणि मोरीत पाय घसरला असं सांगितलं. निंबाने पाठीवरचा हात उचलला. मागच्या मंगळवारी ट्रंक आणि आज मोरी, तर या पाठी दोन आहेत की एकच, असं त्याने शांतपणे विचारलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली. जीवराम खाटेवरून उठू शकले नाहीत. उठण्याची ताकदच नव्हती. कार्यालयातला हुद्दा, एकोणतीस वर्षं, सगळं सुंभाच्या खाटेवर पालथं पडलं होतं आणि पुढचा माणूस बाजूला उभा राहून घसा खाकरत होता. तेव्हा त्यांच्या तोंडून निघून गेलं, “जळगावला झालं. नवतेज सेंटरात. मालिश करताना.”

सगळ्या अंगणाने ते ऐकलं. तेलाबद्दल सांगावं असं त्यांच्या मनात आलं होतं. पण तेल सांगायचं तर रीत सांगावी लागली असती, आणि रीत सांगायची तर लेकीला मूल नाही हे चाळीस माणसांत बोलावं लागलं असतं. आपण तिची लाज राखतो आहोत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. निंबाने ऐकलं आणि पुढचं वाकणं तेवढं काढून दिलं. कलणं राहिलं. तो म्हणाला की अजून काहीतरी आत अडकलेलं आहे, आठवलं की या.

अंगणातली चाळीस माणसं त्या दिवशी आपापल्या गावी गेली, आणि त्यांच्याबरोबर ‘नवतेज’ही गेलं. आठवड्याभरात सेंटरच्या वाफेच्या पेटीत कुणी बसेना. दहाव्या दिवशी किरीटभाई सुरतेला परत गेला. छायाची पत्रं बंद झाली. ती का थांबली ते जीवरामांना कळलं नव्हतं. काहीतरी बिघडलं आहे हे त्यांना आखाजीला कळलं. आखाजीला खानदेशात लेकी माहेरी येतात. नऊ वर्षांत छाया एकदाही चुकली नव्हती. कुंदाबाईंनी झोका बांधायला दोर काढून ठेवला होता, पुरण घातलं होतं, आणि दुपारची गाडी येऊन गेली, मग संध्याकाळची येऊन गेली.

दुसऱ्या दिवशी कुंदाबाई एकट्या जळगावला गेल्या आणि संध्याकाळी परत आल्या. पायरीवर बसूनच त्यांनी सांगितलं. सेंटरला कुलूप. विहीणबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की बापानेच लेकीचं दुकान बुडवलं, आमच्या भावाचा हात लागला असता तर असं झालं नसतं. पंडितराव काही बोलत नाहीत. आणि छाया कुणाशीच बोलत नाही, नुसती कामं उरकते.

“तेल आपलं होतं,” कुंदाबाई म्हणाल्या. “मीच सांगून येणार होते. मग वाटलं, तुमचं तुम्ही सांगावं.”

जीवराम त्या रात्री जेवले नाहीत. त्यांना लाज वाटली, आणि ती पाठीपेक्षा जास्त दुखली. आजवर त्यांनी कित्येकांचे खुलासे मागवले होते, त्यातले निम्मे खुलासे आपणही असेच पुरे न ऐकता नामंजूर केले असतील, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. त्यांनी ठरवलं की ज्या अंगणातून बातमी सुटली तिथेच जाऊन उरलेलं सांगायचं. तसं त्यांनी कुंदाबाईंना सांगितलं, आणि कुंदाबाईंनी कोपऱ्यावरच्या दुकानातून जळगावला फोन केला. हे मात्र त्यांनी जीवरामांना सांगितलं नाही.

मंगळवारी ते मफलर न घेता गेले. उन्हाने बागेतली केळीची पानं करपली होती. अंगणात माणसं नेहमीइतकीच होती आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी जीवरामांना ओळखलं, सेंटरात मोडलेले ते हेच म्हणून. त्यांचा नंबर आला, ते पालथे झाले आणि निंबाने हात ठेवला.

“कसं लागलं?”

जीवरामांनी सगळं सांगितलं. मोठ्याने सांगितलं, मागच्यालाही ऐकू जावं म्हणून. फीत, चादर, सरबताची बाटली, करडईचं तेल. किरीटभाई दोनदा म्हणाला होता की हात घसरेल, आणि दोनदा आपण ऐकलं नाही. सेंटरची चूक नाही, मालिशवाल्याची चूक नाही, चूक असेल तर ती या पाठीचीच आहे. निंबाचा हात पाठीवर तसाच होता.

“तेल घरून कशाले नेलं?”

“लेकीच्या घरचं आम्ही घेत नाही.”

“कशाले घेत नाही?”

जीवरामांचं तोंड सुंभात होतं आणि खाटेखालची माती तेवढी दिसत होती. तिथे पायांची एक जोडी येऊन थांबली. पायांतली जोडवी त्यांनीच लेकीसाठी घडवून घेतली होती.

“मला मूल नाही, म्हणून,” छाया म्हणाली.

ती केव्हा आली होती आणि किती वेळ कुडाशी उभी होती ते कुणाला माहीत नव्हतं. तिचा आवाज चढलेला नव्हता. “नाना, तुम्ही दर वेळी आमच्या ओट्यावर बसून थर्मास उघडता. गल्लीतल्या बायका तेव्हा दारात येतात. तुम्ही झाकण फिरवलं की त्यांना कळतं, या वर्षीही काही नाही. मी नऊ वर्षं ते झाकण ऐकते आहे. ते सेंटर मी एवढ्यासाठी काढलं होतं की लोकांनी माझ्याबद्दल दुसरं काहीतरी बोलावं.”

जीवरामांना उठायचं होतं, पण निंबाने त्यांना दाबून धरलं. त्याला आता पिळा कळला होता. त्याने उजवा खांदा धरला, डाव्या बाजूला गुडघा टेकला आणि एका दमात पाठ उलटी सोडली. आवाज इतका झाला की कुडापलीकडची एक बाई “अगं माय” म्हणाली. जीवराम उठून बसले. पाठ सरळ झाली होती. ते कधीपासून रडत होते ते त्यांना उठल्यावर कळलं. पालथा माणूस रडला तर थेंब खाली मातीत पडतात, गालावर काही उरत नाही, त्यामुळे उठल्यावर त्यांना वाटलं की कुणाला दिसलं नसेल. सगळ्यांना दिसलं होतं.

त्यांनी खाटेवरून उतरताना आधारासाठी छायाच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहिला. खांद्यात गाठ होती, कडक, लाकडात असते तशी. त्यांनी जरासं दाबलं तर तिने ओठ आवळला. महिनाभर पाठीच्या दुखण्यात काढल्यामुळे त्यांना आता एवढं कळत होतं की ही गाठ महिन्याभराची नाही.

“सवय झालीय, नाना,” ती म्हणाली.

जीवराम कुडाच्या फटीपाशी गेले आणि झुंबरबाईंना म्हणाले की माझ्या लेकीचा नंबर लावा. पुढे बसलेल्या बायकांनी काही न विचारता जागा करून दिली. छाया आधी नको म्हणाली, मग गेली. कुडाला तुराट्यांच्या बोटबोटभर फटी होत्या. अंगणातल्या चाळीस माणसांना पलीकडची खाट करकरल्याचं ऐकू आलं, मग झुंबरबाईंचा आवाज, “कसं लागलं, बाई? खरं सांग.” चाळीसही माणसांनी कान टवकारले.

तेव्हा जीवराम सरळ झालेल्या पाठीने अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि कचेरीत एकोणतीस वर्षं वापरलेल्या आवाजात म्हणाले, “चला, सगळे बाहेर.”

कुणी का म्हणून विचारलं नाही. गळ्यात हात बांधलेले, काठीवाले, कमरेत वाकलेले, दोघांच्या खांद्यांवर भार टाकून चालणारे, सगळे एकामागून एक अंगणाबाहेर पडले आणि बागेच्या बांधावर जाऊन उभे राहिले. मेचं ऊन डोक्यावर होतं. शेवटी निंबाही आला आणि जीवरामांच्या शेजारी उभा राहिला. त्याने आपले दोन्ही हात पुढे धरून पाहिले. लोकांची अंगं चोळून चोळून बोटांची पेरं सुजलेली होती.

“साहेब, त्या शेंटरात हातालेबी चोयता का?” त्याने विचारलं. “चायीस वर्षं झाली, माह्या हाताले कोनी चोयलं नाही.”

जीवराम म्हणाले, सोमवारी या, तोवर कुलूप निघेल. दुसऱ्या एकाने सेंटर कोणत्या रस्त्याला आहे ते विचारलं, आणि जीवरामांनी त्याला बारकाईने समजावून सांगितलं, कुठे वळायचं तेही.

छाया बाहेर आली तेव्हा पाऊण तास होऊन गेला होता. ती काय बोलली ते जीवरामांना त्या दिवशी कळलं नाही आणि पुढेही त्यांनी कधी विचारलं नाही. तिचे डोळे सुजले होते आणि खांदा खाली आला होता, इतका की त्यांना लग्नाआधीची छाया दिसल्यासारखी वाटली. तिने झाडाखाली लावलेली लुना काढली, चालू केली आणि मागची सीट पदराने पुसली.

“चला, नाना. मी स्वयंपाक टाकून आले आहे, जेवायला उशीर होईल.”

बांधावरची सगळी माणसं त्यांच्याकडे पाहत होती. जीवराम मागे बसले.